कुणाची बाटली खरी?

शिरोळ तालुक्यातल्या तेरवाड बंधाऱ्याचं नाव पेपरात आलं की कोल्हापूरकडच्या वाचकाला पुढची बातमी वाचावी लागत नाही. पंचगंगेचं पाणी काळं पडलेलं असतं, त्यावर फेस असतो आणि मेलेल्या माशांचा खच बंधाऱ्याला येऊन लागलेला असतो. काठावरची माणसं आधी एकमेकांना फोन करतात, मग प्रदूषण मंडळाला. अधिकारी येतात, पंचनामा होतो, नमुन्याची बाटली भरली जाते. तोवर ज्या पाण्यानं मासे मारले ते नरसोबावाडीला कृष्णेत मिसळून पुढे गेलेलं असतं. बाटलीत येतं ते त्याच्या मागून आलेलं, त्यातल्या त्यात बरं पाणी. मग अहवाल येतो आणि गावात हसू होतं.

त्या पहाटे काठावरच्या कुणी एक बाटली भरून ठेवली असती, पाण्याचा रंग, वास, वेळ लिहून ठेवली असती, तर काय झालं असतं? विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवकांनी आपापल्या नदीचं पाणी तपासण्याचे प्रयोग जगभर चाळीसेक वर्षं चालू आहेत, आपल्याकडेही पंचवीस-तीस वर्षं झाली. त्यातून हाती काय लागलं, ते कितपत विश्वासाचं आणि आपल्याकडे ते मूळ का धरत नाही, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून ठेवतो. मुलांच्या मोजण्यात चुका होतात हे खरं, पण घोडं तिथे अडलेलं नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचा कंटाळा आणि आलेला आकडा कुणाला द्यायचा याचा नसलेला पत्ता, या दोन गोष्टींनी आपल्याकडचे बहुतेक प्रयोग संपवले.

सरकारी मोजणी होत नाही असं नाही. १९७४च्या जल प्रदूषण अधिनियमानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशभर जाळं विणलं. आज साडेचार हजारांहून अधिक ठिकाणी पाणी तपासलं जातं, महाराष्ट्रात अडीचशेच्या वर ठिकाणी. त्यावरूनच प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी निघते. २०१८च्या यादीत देशात ३५१ पट्टे होते, २०२२च्या यादीत ३११. देशाचा आकडा उतरला, महाराष्ट्राचा मात्र ५३वरून ५५ झाला आणि दोन्ही वेळा आपण पहिले. मुळा, मुठा आणि मिठी २०१८ला सर्वात वाईट गटात होत्या. ही यादी नसती तर आपण आजही ‘नदी जरा घाण झाली आहे’ एवढंच म्हणत बसलो असतो.

पण नदीवरच्या बहुतेक केंद्रांवर महिन्याला एक नमुना घेतला जातो, तोही दिवसा, कामाच्या वेळात. महिन्याचे तास ७२०. टँकर रिकामा करणारा माणूस त्यातला कोणता तास निवडतो हे सांगायला नको. उल्हासनगरात नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत रसायनांचा टँकर ओतला गेला आणि त्या वायूनं शेकडो माणसं आजारी पडली. असलं काही महिन्याच्या वेळापत्रकात सापडत नसतं. ते सापडलं तर काठावर राहणाऱ्यालाच, कारण तो तिथे असतो.

यादीचा निकष आहे बीओडी, म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की तो पट्टा यादीत. नाव भारदस्त, कल्पना साधी. पाणी बंद बाटलीत अंधारात ठेवायचं, त्यातला मळ जिवाणूंना खाऊ द्यायचा आणि खाता खाता त्यांनी किती प्राणवायू संपवला ते पाहायचं. जुनी पद्धत पाच दिवसांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश राजआयोगानं ती रूढ केली आणि तिकडच्या नद्यांचं पाणी तेवढ्या दिवसांत समुद्राला पोचतं म्हणून पाच दिवस, असं सांगतात. आपल्याकडे ऊन जास्त, जिवाणू घाईचे, म्हणून २७ अंशांवर तीन दिवस. शाळेच्या प्रयोगशाळेत हे नीट जमणं अवघड, कारण तीन दिवस एकसारखं तापमान राखणारी पेटी लागते. तेव्हा बीओडी मंडळाकडे राहू द्यावा. शाळेनं प्राणवायू मोजावा. तो मोजता येतो आणि उत्तम मोजता येतो.

या कामाची एक मूळकथा अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावात घडली. १९८४मध्ये तिथल्या ह्युरॉन हायस्कूलच्या, नदीत शिडाच्या फळीवर खेळणाऱ्या काही मुलांना हेपेटायटिस-ए झाला. मुलांनी विचारलं, नदीनं आम्हाला आजारी पाडलं का? मिशिगन विद्यापीठातले विल्यम स्टॅप यांनी हा प्रश्न गुंडाळून ठेवला नाही. मुलांसोबत नदी तपासायला घेतली. १९८७पासून शेजारच्या रूज नदीकाठच्या शाळा यात आल्या. ही तीच रूज, जिच्या पृष्ठभागावरच्या तेलानं १९६९मध्ये पेट घेतला होता. डेट्रॉइटच्या गरीब वस्तीतल्या आणि वरच्या श्रीमंत उपनगरांतल्या शाळा एकाच दिवशी पाणी भरून आकडे एकमेकांना कळवू लागल्या. कोण वर राहतं आणि कोण खाली, हे त्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त समजलं असणार. पुढे १९८९मध्ये यातूनच ‘ग्रीन’ नावाचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं.

त्यांनी वापरलेला नऊ चाचण्यांचा निर्देशांक आजही जगभरच्या शाळांत चालतो: विरघळलेला प्राणवायू, विष्ठाजन्य कोलिफॉर्म, पीएच, बीओडी, तापमानातला फरक, फॉस्फेट, नायट्रेट, गढूळपणा आणि एकूण घनपदार्थ. नवांची मिळून एक संख्या, शून्य ते शंभर. पेपरवाल्यांना ती फार आवडते. मला तिच्याबद्दल थोडी शंका आहे. संख्या ६२ आली म्हणजे काय झालं? प्राणवायू संपला की फॉस्फेट वाढलं? सरासरीच्या पांघरुणाखाली रोग झाकला जातो.

आता बाटलीकडे येऊ. पाण्यातला प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत १८८८ची, एका हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. आजही ती मुलांना शिकवण्यासारखी आहे, कारण तिच्यात सगळं डोळ्यांना दिसतं. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून अशी भरायची की बुडबुडा राहू नये. एक बुडबुडा राहिला की हवेतला प्राणवायू आत आला आणि सगळी मेहनत पाण्यात, हे मुलं पहिल्या दहा मिनिटांत शिकतात. मग पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून दोन मिलिलिटर मँगनीज सल्फेट, दोन मिलिलिटर अल्कली-आयोडाइड. बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो, ढगासारखा, आणि हळूहळू खाली बसतो. मग शिक्षकांनी, आणि शिक्षकांनीच, गंधकाम्ल घालायचं. साका विरघळून पाणी पिवळं होतं. त्यातलं २०० मिलिलिटर घेऊन थायोसल्फेटचे थेंब सोडत जायचे. पिवळा फिका पडला की स्टार्चचा थेंब, लगेच गर्द निळा रंग, आणि आणखी काही थेंबांनी तो निळा एका क्षणात नाहीसा. ठरलेल्या तीव्रतेचं द्रावण असेल तर जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं तितकाच लिटरला मिलिग्रॅम प्राणवायू. गुणाकार-भागाकारसुद्धा नाही.

मैलापाण्यानं भरलेल्या पात्रातलं पाणी घेतलं तर साका तपकिरी होतच नाही, पांढराच राहतो. आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून मुलं पुन्हा करतात. पुन्हा पांढरा. चूक नसते, त्या पाण्यात प्राणवायूच नसतो. प्रदूषणावरच्या दहा व्याख्यानांनी जे होत नाही ते त्या पांढऱ्या साक्यानं होतं.

मोजायला मात्र अक्कल लागते, आणि ती किटसोबत मिळत नाही. पहिली गोष्ट वेळेची. शेवाळं आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, रात्री सगळेच घेतात. त्यामुळे दुपारी दोनला पाणी छान दिसतं आणि पहाटे तेच पाणी गुदमरतं. मासे मरतात ते पहाटे. शाळेची सहल नदीवर पोचते अकराला. म्हणजे आपण जवळजवळ नेहमीच नदीची चांगली बाजू मोजत असतो. दुसरी गोष्ट तापमानाची. २० अंशांना पाणी लिटरला साधारण ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकतं, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यातला ६ आणि डिसेंबरमधला ६ हे सारखे नाहीत. तापमान न लिहिलेला प्राणवायूचा आकडा कागदावरच राहू द्यावा.

तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. खडकवासल्यातून विसर्ग चालू असताना ऑगस्टमध्ये मुठेचं पाणी तपासलं तर नदी निरोगी निघते. पावसाळा संपला, विसर्ग थांबला की धरणाचं पाणी कालव्यानं जातं आणि शहरातल्या पात्रात उरतं ते बहुतांशी नाल्यांचं पाणी. मग नोव्हेंबरात तीच मुलं तोच प्रयोग करतात आणि ‘तीन महिन्यांत नदी इतकी बिघडली’ असा निष्कर्ष काढतात. नदी बिघडली नाही, तिच्यात पाणी टाकायचं थांबलं. म्हणून पुण्यात नोंदवहीत एक रकाना क्युसेकचा हवाच. तो आकडा पावसाळ्यात रोज जाहीर होतो, फुकट मिळतो, आणि तरी कुणी लिहीत नाही.

मुलांच्या हाती सर्वात आधी दिली जाते ती पीएचची पट्टी. मैलापाण्याचा पीएच बहुधा सात-आठच्या आसपास असतो, म्हणजे अगदी ‘नॉर्मल’. मग गटारातून पट्टी काढून पोरं लिहितात: पाण्याचा सामू योग्य आहे. पीएच कामाचा तिथे, जिथे रसायनांच्या कारखान्याचं पाणी येतं. तिथे एका रात्रीत तो तीनवर येऊ शकतो, आणि तेव्हा ती पाच रुपयांची पट्टी सोन्याची ठरते. टीडीएसच्या पेनाचंही तसंच. घरोघरी आरओ विकणाऱ्या मंडळींनी त्याची भलतीच कीर्ती करून ठेवली आहे. आकडा मोठा म्हणजे पाणी विषारी, असं लोक धरून चालतात. टीडीएस रोगजंतूंबद्दल काही सांगत नाही. पण नाला जिथे नदीला मिळतो त्याच्या शंभर पावलं वर आणि शंभर पावलं खाली तोच पेन बुडवा. आकडा उडी मारत असेल तर नाल्यातून काहीतरी येत आहे, आणि ते कधी येतं हे आठवडाभरात कळतं. वर आणि खाली, एकाच दिवशी, एकाच हातानं: सगळ्या नदीपरीक्षणात इतकं साधं आणि इतकं न केलं जाणारं दुसरं काही नाही.

रोगजंतूंच्या चाचणीत मात्र भारताचा खरा वाटा आहे. १९८२मध्ये मांजा, मौर्य आणि राव या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी हायड्रोजन सल्फाइडची बाटली तयार केली. बाटलीत औषध शोषलेली कागदाची पट्टी. पाणी भरून उबेला ठेवा, दुसऱ्या दिवशी काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. ना सूक्ष्मदर्शक, ना प्रयोगशाळा. जगभरच्या गरीब देशांत ही बाटली गेली. गावच्या विहिरीला, झऱ्याला, हातपंपाला ती उत्तम. नदीला मात्र फारशी उपयोगी नाही. शहराखालच्या नदीत ती काळी पडणारच, त्यात नवीन काय कळलं? तिथे प्रश्न ‘आहेत का’ हा नसून ‘किती’ हा असतो. स्नानाच्या पाण्याला १०० मिलिलिटरमागे विष्ठाजन्य कोलिफॉर्म ५०० इष्ट आणि २५०० ही कमाल मर्यादा. बीओडी ३च्या आत, प्राणवायू ५च्या वर. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगत असतानाही वारकरी त्यात उतरतात, तेव्हा हे आकडे घाटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत असं मला नेहमी वाटतं. उतरायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण वाचून.

गावपातळीवर आपल्याकडे तपासणीची सवय मुळीच नाही असंही नाही. टीसीएल पावडर टाकली का, ओटी (पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी) घेतली का, हे प्रश्न ग्रामपंचायतीच्या शिपायालाही ठाऊक असतात. जलसुरक्षक आहेत, पिण्याच्या पाण्याच्या स्थितीवरून गावाला मिळणारी लाल, पिवळी, हिरवी कार्डं आहेत, जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना किट वापरायला शिकवायचं ठरलं. हे सगळं नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यासाठी. तीच बाई, तेच किट नदीकाठी शंभर पावलं चालत गेलं तर नदीचं परीक्षण होईल, पण नदी कुठल्याच रकान्यात बसत नाही. पाणीपुरवठा एका खात्याचा, धरण दुसऱ्या, प्रदूषण तिसऱ्या. ती शंभर पावलं कुणाच्याच कामात धरलेली नाहीत.

मला स्वतःला सर्वात भरवशाचं वाटतं ते रसायन नसून किडे. मुठेच्या वरच्या अंगाला, टेमघरच्या बाजूच्या एखाद्या वाहत्या ओढ्यात हात घालून दगड उलटा करावा. खालच्या ओल्या बाजूला चपटे, तीन शेपट्यांचे किडे तुरुतुरु पळताना दिसतात. हे मेफ्लायचं पोरपण. शेजारी वाळूचे कण चिकटवून बांधलेली बोटाच्या पेराएवढी नळी असते, तिच्यात कॅडिसफ्लायची अळी. यांना मराठीत रूढ नावं नाहीत. चतुर, टाचणी, निवळी ही नावं आहेत, कारण ते पाण्याबाहेर दिसतात. दगडाखाली पाहायची सवयच आपल्याला नव्हती. शहराखाली तोच प्रयोग केला तर दगडाला काळा चिखल आणि त्यात लालभडक अळ्या सापडतात. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, आणि म्हणूनच प्राणवायू नसलेल्या चिखलातही त्या तगतात. बाटली त्या मिनिटाचं सांगते, किडे मागच्या काही आठवड्यांचं. रात्री तीनला सोडलेलं विष सकाळी वाहून गेलं तरी मेलेले किडे परत येत नाहीत. पक्ष्यांवरून मात्र घाईनं काही ठरवू नये. शेकाट्यांचे थवे मैलापाण्यातही मजेत असतात, त्यांचा सुंदर फोटो म्हणजे नदीचं प्रमाणपत्र नव्हे.

दक्षिण आफ्रिकेत याच तत्त्वावर ‘मिनीसॅस’ नावाची पद्धत शाळकरी मुलांसाठी बेतली गेली: प्राण्यांचे तेरा गट ओळखायचे, प्रत्येकाला गुण, सरासरी काढायची. इंग्लंडमध्ये गळ टाकून मासे धरणाऱ्यांनी २००७पासून आठ गटांची मोजणी सुरू केली, आणि माझ्या मते सबंध विषयातला सर्वात शहाणा शोध त्यांचा आहे. तो किड्यांचा नाही, कागदाचा आहे. प्रत्येक जागेसाठी सरकारी जीवशास्त्रज्ञाशी बसून आधीच एक किमान गुणसंख्या ठरवायची. त्याखाली मोजणी गेली की पुन्हा तपासायचं, आणि तरीही खाली असली तर सरकारी यंत्रणेला कळवायचं. मग पुढचं पाऊल त्यांचं. जुलै २०१३मध्ये केनेट नदीवर मार्लबरोजवळ स्वयंसेवकांना एकाएकी किडे आणि गोड्या पाण्यातल्या कोळंब्या मेलेल्या दिसल्या. त्यांनी कळवलं, सरकारी माणसं आली, आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मैलाशुद्धीकरण केंद्रातून नदीत आल्याचं निघालं. पंधराएक किलोमीटर नदी बाधित झाली होती. मासे मेले नव्हते, पाणी स्वच्छ दिसत होतं. मोजणारी माणसं नसती तर कुणाला कळलंही नसतं.

आपल्याकडचे प्रयोग पाहिले की आधी आनंद होतो, मग रुखरुख लागते. दिल्लीत डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हज या संस्थेनं १९९६मध्ये ‘क्लीन-इंडिया’ सुरू केलं आणि शाळकरी मुलांच्या हाती ‘जल-तारा’ हे चौदा चाचण्यांचं किट दिलं. मुलांनी यमुनेचं आणि घरच्या नळाचं पाणी तपासलं, पुढे अनेक शहरांत हे पसरलं. वाराणसीत संकटमोचन मंदिराचे महंत आणि त्याच वेळी जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक असलेले वीरभद्र मिश्र यांनी १९८२मध्ये काम उभं केलं आणि तुळशी घाटावर स्वतःची प्रयोगशाळा चालवली. रोज पहाटे त्याच गंगेत श्रद्धेनं बुडी मारायची आणि दिवसा तिच्यातल्या कोलिफॉर्मचे आकडे सरकारच्या तोंडावर मांडायचे, हे त्यांना विसंगत वाटलं नाही. सरकारी दाव्यांना उत्तर देता आलं ते त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची सलग मालिका होती म्हणून. महाराष्ट्रात अशी, सलग आणि स्वतंत्र, एका नदीची मालिका शोधावी लागते.

पुण्यात २०१४पासून ‘जीवितनदी’ची मंडळी काम करतात. प्रकाश गोळे यांनी १९८२मध्ये स्थापलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या अभ्यासक्रमातून या कामाची प्रेरणा मिळालेली. ‘जीवितनदी’ची मला आवडलेली कल्पना म्हणजे नदीकिनारा दत्तक घेणं. अख्खी नदी नव्हे, विठ्ठलवाडीचा एक तुकडा, औंधला मुळा-रामनदी संगमाचा एक तुकडा, आणि तिथे पुन्हा पुन्हा जाणं. तुकडा लहान असला की माणूस टिकतो. याच्या उलट टोकाला सरकारी मोहिमा. २ ऑक्टोबर २०२२ला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ सुरू झालं, सुरुवातीला ७५ नद्या. संवादयात्रा निघाल्या, कलश पूजले गेले. काही ठिकाणी खरोखर चांगले अहवाल तयार झाले. पण नदी जाणायची तर तिच्याकडे यात्रेनं एकदा जाण्यापेक्षा एकट्यानं बारा वेळा जावं लागतं, आणि त्याला ढोल-ताशे नसतात.

शाळांचं काय? ‘जलसुरक्षा’ हा विषय आपल्या नववी-दहावीला आहे, अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’. राष्ट्रीय हरित सेना आहे, एनएसएसचं वार्षिक शिबिर आहे, १९९३पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आहे, आणि तिच्यात तालुक्याच्या गावांतून नदीवरचे प्रकल्प येत असतात, त्यातले काही थक्क करणारे. म्हणजे दर वर्षी लाखो मुलांना नदीवर पाठवायला सबब तयार आहे. प्रत्यक्षात प्रकल्पवही भरते कशी, हे पालकांना माहीत आहे: स्टेशनरीच्या दुकानात ‘जलप्रदूषण’ हा प्रकल्प तयार मिळतो, चित्रांसकट. गावात नदी वाहत असते आणि मुलगा गंगेचे आकडे उतरवतो. दोष मुलाचा नाही. गेल्या वर्षीच्या तुकडीनं काय मोजलं हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं, आणि त्यानं मोजलेलं पुढच्या वर्षी कुणी उघडणार नसतं. जूनमध्ये वह्या रद्दीत जातात. त्याऐवजी शाळेची एकच वही ठेवली आणि प्रत्येक तुकडीनं तिच्यात बारा ओळी भरल्या, तर दहा वर्षांत त्या गावाच्या नदीचा मंडळाकडेही नसलेला इतिहास शाळेच्या कपाटात असेल.

मुलांचे आकडे खरे मानायचे का, हा आक्षेप रास्त आहे. परदेशात स्वयंसेवकांचे आणि व्यावसायिकांचे आकडे ताडून पाहणारे पुष्कळ अभ्यास झाले. सूर असा, की नीट शिकवलं, एकच पद्धत ठेवली आणि अधूनमधून उलटतपासणी केली तर आकडे जुळतात. रंग जुळवून पाहायच्या किटमध्ये अगदी कमी प्रमाणातलं फॉस्फेट वगैरे मोजताना घसरगुंडी होते. माझी यावरची भूमिका व्यवहारी आहे. आपल्या नद्यांत प्राणवायू ५.२ की ५.६ असा बारीक वाद क्वचितच असतो, तो ६ की शून्य असा असतो. एवढा फरक आठवीतल्या मुलाच्या हातूनही चुकत नाही. तरी एक शिस्त हवी: प्रत्येक चाचणी दोनदा, आणि दोन आकडे फार वेगळे आले तर दोन्ही लिहायचे. खोडरबर नदीवर न्यायचाच नाही.

कायद्यात मात्र स्वयंसेवकाच्या बाटलीला जागा अरुंद आहे. १९७४च्या अधिनियमातलं कलम २१ सांगतं की खटल्यासाठी सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानंच, संबंधिताला तिथल्या तिथे नोटीस देऊन, दोन भाग करून, सील लावून घ्यायचा. ते योग्यही आहे, नाहीतर कुणीही कुणाच्या नावानं बाटली भरेल. पण म्हणून वही निरुपयोगी ठरत नाही. १९८६च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाच्या १९व्या कलमात नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात जायची वाट आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याच्या काटेकोर नियमांनी बांधलेलं नाही, आणि त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यातच आहे. तिथे ‘आमची नदी घाण आहे’ या वाक्याला फारसं वजन नसतं. ‘गेल्या १४ महिन्यांत दर बुधवारी पहाटे या नाल्याखाली प्राणवायू शून्य, नाल्यावर ५’ या नोंदींवरून संयुक्त पाहणीचा आदेश मागता येतो. इंग्लंडात इल्कली गावच्या लोकांनी व्हार्फ नदीचे जंतूंचे आकडे जमवून हेच केलं. डिसेंबर २०२०मध्ये त्या पात्राला स्नानयोग्य पाण्याचा अधिकृत दर्जा मिळाला, इंग्लंडातल्या नदीचा पहिला. गंमत अशी की दर्जा मिळाल्यावर सरकारी तपासणीत पाणी ‘निकृष्ट’ ठरलं. त्यांना तेच हवं होतं, कारण आता ते निकृष्ट असणं सरकारी कागदावर आलं होतं.

जिवाची काळजी घेण्याबद्दल थोडक्यात. हातमोजे, बूट, दोरी बांधलेली बादली, आणि पुलावरून किंवा घाटावरूनच नमुना. पावसाळ्यात लेप्टो असतो, धरणाचा विसर्ग वाढल्यावर पायरीवरचं पाणी मिनिटांत गुडघ्याला येतं. कारखान्याच्या पाइपापाशी मुलांना न्यायचं नाही, तिथे मोठ्यांनीही दोघांनी मिळून जावं.

तुमच्या रोजच्या वाटेवर एखादा पूल असेल तर शंभर पानी एक वही घ्या. पहिल्या पानावर पुलाचं आणि नदीचं नाव घाला. आठवड्यातून एकदा, उजाडताना, पांढऱ्या बरणीत पाणी धरून पाहा. तारीख, वेळ, तापमान, रंग, वास, फेस आहे की नाही, मासे वर तोंड काढत आहेत का, एवढं लिहा. जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारा, महिन्यातून एकदा प्राणवायू मोजून देतील. महिना संपला की त्या पानाची झेरॉक्स प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात द्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.